तार गेली, ट्रिगर आला

मुंबईत सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांपाशी थोडा वेळ उभं राहिलं तरी एक मागणी पुन्हा पुन्हा कानावर पडते: "ट्रिगर दाखवा." गिऱ्हाईक बहुतेक बाहेरगावचं असतं. गावात लहानसा स्टुडिओ असतो, पासपोर्ट, बारसं, प्री-वेडिंग अशी कामं चालू असतात, आणि आता ऑनलाइन विकणाऱ्यांच्या मालाचे फोटोही यायला लागलेले असतात. काउंटरवर तीन डबे येतात. एक हजार-दीड हजाराचा, दुसरा पाच-सहा हजारांच्या आसपासचा आणि तिसरा परदेशी नामांकित कंपनीचा, ज्याची किंमत ऐकल्यावर तो लगेच परत आत जातो. तिघांचं मूळ काम एकच. कॅमेऱ्याचं शटर उघडलं की लांब उभ्या असलेल्या फ्लॅशला ते त्याच क्षणी कळवायचं. मग किमतीत एवढं अंतर का आणि आपल्याला यातला कुठला लागतो, हे समजावत बसायला दुकानदाराला सवड नसते. डब्यावर मोठ्या अक्षरांत 100 मीटर रेंज छापलेली असते. ज्याचा स्टुडिओ बारा बाय पंधरा फुटांचा आहे तोही ती वाचून पैसे काढतो.

हा लेख त्या गिऱ्हाइकासाठी आहे. स्टुडिओच्या सामानात ट्रिगर ही सगळ्यात लहान खरेदी, म्हणून ती शेवटी आणि घाईत उरकली जाते. प्रत्यक्षात पुढची आठ-दहा वर्षं आपण कोणते लाइट घेऊ शकू, हे हीच खरेदी ठरवते. त्यामुळे तिचा विचार सगळ्यात आधी व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेतल्या एमआयटीत हॅरल्ड एजर्टन यांनी 1930च्या दशकात इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला कामाचं रूप दिलं. हा फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला की चेहरा सपाट होतो, नाकाचा आणि गालांचा उठाव जातो, मागच्या भिंतीवर काळी सावली चिकटते. तोच फ्लॅश बाजूला, थोडा उंच, सॉफ्टबॉक्समध्ये नेला की चेहऱ्याला आकार येतो. पण एकदा तो लांब गेला की त्याच्यापर्यंत निरोप न्यायची सोय करावी लागते. आपल्याकडच्या स्टुडिओंत कित्येक वर्षं हे काम सिंक कॉर्डने केलं. काळी लांब वायर, एका टोकाला कॅमेऱ्यात बसणारी पिन, दुसऱ्या टोकाला पोर्टा लाइटचा जॅक. पिन सैल झाली की पक्कडीने हलकेच दाबून घ्यायची. फोटोला आलेल्या पोराचा पाय वायरीत अडकला की सगळं सोडून स्टँडकडे धावायचं.

त्या वायरीचा खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नव्हता. फ्लॅशच्या ट्रिगर सर्किटमधलं व्होल्टेज वायरीतून थेट कॅमेऱ्यापर्यंत येतं. सत्तरच्या दशकात गाजलेल्या व्हिविटार 283 या फ्लॅशच्या सुरुवातीच्या काही नगांत ते दोनशे व्होल्टच्या पुढे असायचं. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यात धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या, त्यांना याचं काही वाटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. आयएसओ 10330 या मानकात ही मर्यादा 24 व्होल्ट धरलेली आहे. तेव्हा वडिलांच्या काळातले पोर्टा अजून वापरात असतील, तर ट्रिगर घेण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. तो डीसीच्या सगळ्यात मोठ्या पट्टीवर ठेवा, लाइट पूर्ण चार्ज होऊ द्या आणि सिंक वायरीच्या कॅमेऱ्याकडच्या मोकळ्या पिनचं टोक आणि तिची बाहेरची कडी यांना प्रोब लावून आकडा पाहा. दहा-पंधरा व्होल्ट आले तर काळजीचं कारण नाही. शे-दोनशे आले तर ती वायर कॅमेऱ्याला पुन्हा लावू नका. लाइटचं झाकण मात्र कुठल्याही कारणाने उघडू नका. आतल्या कपॅसिटरमधला साठा प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो.

रेडिओ ट्रिगर आल्यावर कॅमेरा वाचला, कारण मधली तारच गेली. पण लाइटकडच्या टोकाला बसलेला रिसीव्हर ते व्होल्टेज झेलतोच. स्वस्त रिसीव्हरमधला स्विच अशा लाइटला लावला की पुष्कळदा एकदाच चालतो आणि तसाच अडकून राहतो. पहिला फ्लॅश पडतो, दुसरा पडतच नाही. गिऱ्हाईक रिसीव्हर बदलून आणतं आणि पुन्हा तेच होतं. अशा म्हाताऱ्या लाइटला रिसीव्हर लावायचाच नाही. त्याच्या पाठीवर स्लेव्हचा डोळा असेल तर दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडावर त्याला चालू द्यावं.

आता काळ्या पट्ट्याविषयी. नवा ट्रिगर घेऊन गेलेले बरेच जण ही एकच तक्रार घेऊन परत येतात: फोटोच्या खालच्या बाजूला काळा पट्टा येतो. ट्रिगर खराब निघाला, असं सगळे धरून चालतात. कारण बहुतेक वेळा शटरमध्ये असतं, आणि ते एकदा नीट समजून घेतलं तर खर्च वाचतो. शटरला दोन पडदे असतात. पहिला वरून खाली जात सेन्सर उघडतो, दुसरा त्याच्यामागून त्याच दिशेने येत तो झाकतो. पडद्याला सेन्सर ओलांडायला साधारण 3 ते 4 मिलिसेकंद लागतात. शटर 1/200वर ठेवलं तर एकूण वेळ मिळतो 5 मिलिसेकंद. म्हणजे अख्खा सेन्सर एकाच वेळी उघडा असतो तो जेमतेम एक-दोन मिलिसेकंद. एवढ्या वेळात कॅमेऱ्याने ट्रिगरला सांगायचं, ट्रिगरने रिसीव्हरला, रिसीव्हरने फ्लॅशला, आणि फ्लॅशने आपला सगळा उजेड टाकून मोकळं व्हायचं. स्वस्त ट्रिगरने यातला थोडा वेळ खाल्ला की दुसरा पडदा निघालेला असतो. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून वरून निघालेला पडदा फोटोत खालून दिसतो.

शटर 1/125वर आणा. आता 8 मिलिसेकंद मिळाले आणि सेन्सर पूर्ण उघडा राहण्याचा वेळ चार-पाच मिलिसेकंदांवर गेला. तोच हजार रुपयांचा ट्रिगर आता बिनतक्रार चालतो. स्टुडिओत यात काही गमावत नाही. आयएसओ 100 आणि एफ/8वर खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड फोटोत जवळजवळ उमटत नाही, आणि हालचाल गोठते ती फ्लॅशच्या लखलखाटाने. शटरचा त्यात फारसा वाटा नसतो. म्हणून बंद खोलीत काम करणाऱ्याने निव्वळ वेगासाठी महागडा ट्रिगर घेऊ नये. मात्र आपल्या कॅमेऱ्याची सिंकची मर्यादा, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात वेगवान शटर, पाठ असावी. ती सगळ्यांची 1/200 किंवा 1/250 नसते. कॅननच्या 6डीची 1/180 आहे, सोनीच्या ए7सीची 1/160. फ्लॅश पूर्ण ताकदीवर असेल तर आणखी एक गोष्ट घडते. गोडॉक्स कंपनीचा एडी200 हा फ्लॅश पूर्ण ताकदीवर सुमारे 1/220 सेकंद उजेड देत राहतो. शटर 1/250वर असेल तर त्याच्या उजेडाची शेपटी कापली जाते आणि खालचा भाग काळा न पडता नुसता मळकट दिसतो. त्यात ट्रिगरचा दोष नसतो. ताकद अर्धी करा, फरक लगेच दिसेल.

हायस्पीड सिंक हा शब्द डब्यावर ठळक असतो. भर दुपारी गडावर किंवा समुद्रकिनारी जोडप्याचे फोटो काढताना, मागचं आकाश निळं ठेवून भिंग पूर्ण उघडायचं असेल तेव्हा त्याचा उपयोग आहे. त्यात फ्लॅश एकदाच न पडता अतिशय वेगाने थरथरत राहतो आणि त्यापायी दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त उजेड जातो. सोनीने 2023मध्ये जाहीर केलेल्या ए9 3 या कॅमेऱ्यात ग्लोबल शटर आलं आणि पडद्यांचा हा प्रश्नच मिटला. पण तो कॅमेरा आपल्या गावातल्या स्टुडिओत यायला वेळ आहे. चार भिंतींत काम करणाऱ्याने हायस्पीड सिंकसाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही.

मग पैसे मोजायचे कशासाठी? हे पैठणीच्या फोटोंच्या वेळी कळतं. येवल्याची पैठणी आता देशभर ऑनलाइन जाते, आणि फोटोत जर चमकली नाही तर विकली जात नाही. तीन लाइटांची साधी मांडणी घ्या. मुख्य मोठा सॉफ्टबॉक्स बूमवर, साडीच्या वर सात-आठ फुटांवर. बाजूने अरुंद स्ट्रिपबॉक्स, कापडाला जवळजवळ घासत जाणारा, म्हणजे जरीची वीण आणि काठावरचे मोर उठून येतात. तिसरा मागच्या कागदावर. पहिली साडी जांभळी असते, पुढची पोपटी, त्याच्या पुढची मोतिया. जांभळी उजेड पिऊन टाकते, मोतिया तोच उजेड जसाच्या तसा परत फेकते. जर मात्र तिन्हीत तितकीच चमकते. म्हणून वरचा लाइट साडीगणिक अर्धा-एक स्टॉप वरखाली करावा लागतो आणि बाजूचा स्ट्रिप होता तिथेच ठेवावा लागतो.

साधा ट्रिगर असेल तर मदतनीस प्रत्येक साडीला स्टूलवर चढतो, वरच्या लाइटची बटणं दाबतो आणि उतरतो. वेळ जातो तो जातोच, पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. त्याच्या हाताने बूम दोन इंच हलतो, सॉफ्टबॉक्सचं तोंड थोडं फिरतं आणि सावलीची कड सरकते. संध्याकाळी सगळे फोटो एका पानावर लावले की एकाच मांडणीत काढलेल्या साड्या वेगवेगळ्या दिवशी काढल्यासारख्या दिसतात. ग्रुपवार ताकद बदलता येणारा ट्रिगर असेल तर मुख्य लाइट ए ग्रुपमध्ये, स्ट्रिप बीमध्ये, मागचा सीमध्ये. कॅमेऱ्यावरची चकती फिरवली की एचा आकडा बदलतो आणि लाइटला कुणाचा हात लागत नाही. दिवसभरात पन्नास साड्या असोत, पहिल्या आणि शेवटच्या साडीची सावली एकाच जागी पडते. हजाराच्या आणि पाच-सहा हजारांच्या ट्रिगरमध्ये मोलाचा फरक आहे तो हाच. रेंजसाठी पैसे देऊ नका, यासाठी बिनदिक्कत द्या.

टीटीएलचं आकर्षणही इथेच गळून पडतं. टीटीएलमध्ये खऱ्या फ्लॅशच्या आधी एक हलका फ्लॅश पडतो, कॅमेरा तो मोजतो आणि ताकद स्वतः ठरवतो. जर समोर आली की तो हलका फ्लॅश आरशावरून यावा तसा परततो, कॅमेऱ्याला उजेड फार झाला असं वाटतं आणि साडी काळपट येते. पदर थोडा हलवला की मोजमाप बदलतं. धावपळीच्या लग्नात टीटीएल कामाचं आहे. मांडणी ठरलेल्या स्टुडिओत मॅन्युअलला पर्याय नाही. ट्रिगरबरोबर टीटीएल आपोआप येत असेल तर येऊ द्या, पण त्याच्यासाठी म्हणून ट्रिगर निवडू नका.

नव्याने कॅमेरा घेणाऱ्यांना एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. कॅननच्या 3000डी, 1500डी आणि 200डी 2 या आपल्याकडे भरपूर विकल्या गेलेल्या मॉडेलांच्या हॉट शूकडे वरून नीट पाहा. इतर कॅमेऱ्यांत मधोमध एक मोठा गोल संपर्कबिंदू असतो, तो इथे नाही. फक्त कॅननच्या स्वतःच्या भाषेतल्या लहान पिना आहेत. त्यामुळे फक्त मधल्या पिनवर चालणारा साधा ट्रिगर या कॅमेऱ्यांवर घट्ट बसतो, त्याचा दिवा लागतो, आणि फ्लॅश काही केल्या पडत नाही. दोष ट्रिगरचा नसतो आणि फ्लॅशचाही नसतो. अशा कॅमेऱ्यासाठी कॅननची भाषा बोलणारा आणि या मॉडेलांशी जुळतो असं स्पष्ट लिहिलेलाच ट्रिगर घ्यावा लागतो. सोनीच्या शूची अडचण वेगळी. तिच्या पुढच्या कडेला बारीक पिनांची रांग आहे, आणि ट्रिगर तिरका सरकवला तर ती वाकते. सरळ बसवा, सरळ काढा, आणि बसवताना घाई करू नका.

मिररलेस कॅमेऱ्यावर साधा ट्रिगर लावून स्टुडिओत उभं राहिलं की पडदा काळाकुट्ट दिसतो, कारण एफ/8 आणि 1/125वर ट्यूबच्या उजेडात फोटो काळाच येईल हे कॅमेरा प्रामाणिकपणे दाखवत असतो. मेनूत लाइव्ह व्ह्यूवर एक्सपोजरचा परिणाम दाखवणं बंद करा. सायलेंट शटर चालू असेल तर तेही बंद करा, बहुतेक कॅमेऱ्यांत त्यावर फ्लॅश पडत नाही. नवा ट्रिगर बदलून मागण्याआधी या दोन गोष्टी तपासा.

आता हवेतून जाणाऱ्या निरोपाकडे. आजचे बहुतेक ट्रिगर 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. ही पट्टी जगभर कमी ताकदीच्या उपकरणांना मोकळी आहे, भारतात ती 2005च्या नियमांनी परवानामुक्त झाली. घरातलं वायफाय, ब्लूटूथचे इअरफोन हे सगळे याच पट्टीत गर्दी करतात. स्टुडिओच्या भिंतीपलीकडे सायबर कॅफे किंवा कोचिंग क्लास असेल तर मधूनच एखादा फ्लॅश चुकतो. गोडॉक्सच्या एक्सप्रोसारख्या ट्रिगरमध्ये मोकळं चॅनल शोधून देणारा स्कॅन असतो, तो महिन्यातून एकदा चालवावा. चॅनलबरोबर आयडीचा आकडाही ठेवावा. मंगल कार्यालयात दोन फोटोग्राफर एकाच कंपनीचे ट्रिगर घेऊन आले आणि दोघांचं चॅनल 1वरच राहिलं, तर एकाच्या क्लिकवर दुसऱ्याचे लाइट उडतात आणि ऐन मुहूर्ताला बॅटरी रिकामी होते.

गोडॉक्सच्या मेनूत अंतराचीही एक सोय आहे: 0 ते 30 मीटर आणि 1 ते 100 मीटर. दागिन्यांचे फोटो काढताना लाइट कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. ट्रिगर लांबच्या पट्टीवर असेल तर इतक्या जवळच्या लाइटला तो नीट ऐकू येत नाही. 100 मीटरची रेंज पाहून घेतलेला ट्रिगर दीड फुटावर चुकतो, याचं कारण हे. लहान पट्टी निवडली की तो सुधारतो.

सगळे 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात म्हणून एकमेकांशी बोलतात, असं मात्र नाही. एलिनक्रोमचा स्कायपोर्ट, प्रोफोटोचा एअर, गोडॉक्सचा एक्स आणि कॅननने 2012मध्ये 600ईएक्स-आरटीबरोबर आणलेली रेडिओ यंत्रणा, हे सगळे एकाच रस्त्यावरून जातात, पण प्रत्येकाची बोली वेगळी. एकाच कंपनीतही हे घडतं. गोडॉक्सचा जुना एफटी-16 हा 433 मेगाहर्ट्झवर चालतो, एक्स मालिका 2.4वर. दोन्हींवर नाव एकच आणि दोघांचं आपसात काहीही जुळत नाही. सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळालेला रिसीव्हर घरी गेल्यावर मुका निघतो तो यामुळेच. स्टुडिओसाठीच्या एसके400 या लाइटच्या दुसऱ्या आवृत्तीत एक्सचा रिसीव्हर आतच बसवलेला आहे, पहिल्या आवृत्तीत तो नाही. बिलावर नुसतं एसके400 लिहिलं असेल तर दुसरी आवृत्ती आहे की नाही ते विचारून घ्या.

एकेकाळी व्यावसायिकांचा ट्रिगर म्हटलं की अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एलपीए डिझाइनचा पॉकेटविझार्ड डोळ्यांपुढे यायचा. अमेरिकेत तो 340 मेगाहर्ट्झच्या आसपास चालायचा आणि युरोपात 433वर, म्हणून अमेरिकेतला आणि युरोपातला एकत्र चालत नसे. 2009मध्ये त्यांनी टीटीएल चालवणारी नवी मालिका आणली, तेव्हा कॅननचा 580ईएक्स 2 हा फ्लॅश स्वतःच त्या पट्टीत एवढा रेडिओ गोंगाट करतो असं दिसून आलं की रेंज कोसळली. शेवटी कंपनीने त्या फ्लॅशवर चढवायला गोंगाट अडवणारं कापडी आवरण काढलं. उत्तम यंत्रालाही दुसऱ्या कंपनीच्या फ्लॅशशी जुळवून घेताना काय सोसावं लागतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे. शेनझेनच्या गोडॉक्सने ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली: ट्रिगर, छोटा फ्लॅश, बॅटरीचा लाइट, मेनवरचा स्ट्रोब सगळं एकाच बोलीत, रिसीव्हर आतच. म्हणून आज आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत तो पोहोचला आहे. अमेरिकेत ॲडोरामा हे दुकान हेच सामान फ्लॅशपॉइंट या नावाने विकतं. न्यू जर्सीतल्या नातेवाइकाने पाठवलेला फ्लॅशपॉइंटचा आर2 मालिकेतला ट्रिगर पुण्यातल्या गोडॉक्सच्या एक्स मालिकेतल्या लाइटशी जुळतो, फक्त तो आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचा हवा. कॅननसाठीचा ट्रिगर सोनीवर पूर्णपणे चालत नाही.

ज्यांच्याकडे आजच पैसे नाहीत त्यांच्यासाठी एक खरी सोय आहे, आणि तिला कमी लेखू नये. सोनिया किंवा सिम्पेक्सचे स्टुडिओ लाइट आधीच असतील तर तीन रिसीव्हर घेऊ नका. एकाच लाइटला रिसीव्हर लावा आणि बाकीच्यांचा स्लेव्ह चालू ठेवा. बंद खोलीत पहिल्याच्या उजेडावर दुसरे दोन इतक्या तत्परतेने उडतात की फोटोत फरक कळत नाही. फक्त कॅमेऱ्याकडून टीटीएलचा हलका फ्लॅश जाऊ देऊ नका, नाहीतर स्लेव्ह त्यावरच उडून मोकळे होतील. लहान फ्लॅशमध्ये एस1 आणि एस2 असे दोन पर्याय असतात, त्यातला एस2 तो हलका फ्लॅश सोडून देतो. बाहेर उन्हात किंवा दुसऱ्यांचे फ्लॅश उडत असलेल्या लग्नात मात्र स्लेव्हवर विसंबून राहू नये.

सेलविषयी थोडक्यात. ट्रिगरमध्ये चांगले रिचार्जेबल सेल घाला आणि काम संपलं की काढून ठेवा. फुटलेल्या सेलच्या क्षाराने जेवढे ट्रिगर मरतात तेवढे पडून मरत नाहीत. हॉट शूच्या तळाची पिन काळवंडली की पेन्सिलच्या खोडरबराने पुसा.

आता दुकानात जाताना काय करायचं ते सांगतो. कॅमेरा घरी ठेवून ट्रिगर घ्यायला जाऊ नका. कॅमेरा आणि एखादा लाइट बरोबर न्या. ट्रिगर बसवा, शटर कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेवर ठेवा आणि दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचे लागोपाठ पंचवीस-तीस फोटो काढा. एकही फ्लॅश चुकता कामा नये, एकाही फोटोत खाली पट्टा येता कामा नये. मग लाइट कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणून पुन्हा काढा. कॅमेऱ्यावरून ताकद बदलून ती लाइटवर खरोखर बदलते का ते पाहा. पुढचा लाइट याच मालिकेतला आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात मिळतो का, दुरुस्ती कुठे होते, हे पैसे देण्याआधी विचारा. बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि कॅमेऱ्याची कंपनी लिहून घ्या. आणि परवडत असेल तर तोच ट्रिगर आणखी एक घ्या, कारण तीनपैकी एक लाइट बंद पडला तर दोघांवर काम निभावतं, पण ट्रिगर बंद पडला तर तिन्ही लाइट उभे राहतात आणि गिऱ्हाईक परत जातं.